रस्त्यावरचा जयभीम

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला आमच्या मूलच्या रस्त्याला निळा रंग चढतो. गडचिरोली, व्याहाड, सावलीकडची मंडळी मूलवरून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीकडे निघतात. कुणी एस.टी.ने, कुणी जीपने आणि घरोघरची तरुण मंडळी आता मोटारसायकलने. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी चंद्रपुरात आपल्या लोकांना दीक्षा दिली. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्या सोहळ्यासाठी जीव ओतला होता. तेव्हा आमचे आजे-आज्या पायी आणि बैलबंडीने गेले. आज त्यांची नातवंडे किक मारतात आणि तासाभरात पोहोचतात.

या वाटेवर एक गोष्ट वाचकांनीही पाहिली असेल. समोरून येणाऱ्या गाडीला निळा झेंडा दिसला की हॉर्न वाजतो, चालवणारा मान हलवतो, मागे बसलेली बाई हात उंच करते आणि ‘जयभीम’ म्हणते. दोन्ही गाड्या भरधाव असतात, त्यामुळे अर्धा शब्द आपल्या कानावर पडतो आणि अर्धा वारा घेऊन जातो. पण ओळख ना पाळख अशा माणसाने आपल्याला जयभीम घातला, या आनंदात पुढचे दोन मैल सहज निघतात.

रस्त्यावरच्या याच जयभीमविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. कारण गेल्या वर्षी या जयभीमने आम्हाला एक धडा शिकवला.

डाव्या अंगठ्याचा नमस्कार

मोटारसायकलवाल्यांनी एकमेकांना रामराम करण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथे समोरचा स्वार आपल्या डाव्या हाताला येतो. डाव्या हाताला फक्त क्लचचे काम, म्हणून तो हात मोकळा करून खाली पसरायचा, हा त्यांचा नमस्कार. फ्रान्समध्ये तर आभार मानायला उजवा पाय बाहेर काढून दाखवतात.

आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये वाहने डावीकडून चालतात. समोरचा स्वार आपल्या उजव्या हाताला येतो, आणि उजव्या हातात तर अ‍ॅक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक. तो हात सोडला तर गाडी आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून इंग्रज स्वार नुसती मान हलवतो. आपण मान हलवतो आणि हॉर्न वाजवतो. हॉर्नचे बटन, डिपरचे बटन दोन्ही डाव्या अंगठ्याशी असतात. म्हणजे आपला रस्त्यावरचा नमस्कार खरे तर डाव्या अंगठ्याचा आहे. रॅलीत दोन्ही हात सोडून घोषणा देणाऱ्या पोरांनी ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. जयभीम घालायला उजवा हात उचलावा लागत नाही.

वाकलेला जोहार आणि ताठ जयभीम

आमच्या वाडवडिलांना रस्त्यावर नमस्कार करण्याची सक्ती होती, पण परतीचा नमस्कार मिळण्याची सोय नव्हती. पाटील, सावकार समोरून आला की बाजूला व्हायचे, वाकायचे आणि ‘जोहार मायबाप’ म्हणायचे. समोरच्याने उत्तर दिलेच पाहिजे असा नियम नव्हता. तो मान हलवून, कधी न हलवताही, निघून जायचा.

ही रीत मोडणारा शब्द आमच्या विदर्भानेच दिला. कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे बिडी कामगारांचे पुढारी. त्यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, १२ जानेवारी १९३९ रोजी, ते गेले. मुसलमान बांधव एकमेकांना सलाम करतात आणि सलामानेच उत्तर देतात, हे पाहून आपल्या समाजालाही स्वतःचा नमस्कार असावा असे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. पहिल्यांदा ‘जयभीम’ला ‘बलभीम’ असे उत्तर ठरले होते म्हणतात. पुढे दोन्हीकडून ‘जयभीम’च रूढ झाले.

ते रूढ झाले हे फार चांगले झाले. कारण जाताना जो शब्द, तोच येताना. कलेक्टरने शिपायाला घातला तरी तोच, आणि शिपायाने कलेक्टरला घातला तरी तोच. त्यात वर-खाली नाही. वाकण्याची गरज नाही.

गाडी आणि मान यांचा संबंध किती जुना आहे, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले होते. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना थांबवून घेतले. पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे लोकांना पटेना. शेवटी टांगेवाल्याने टांगा तेवढा भाड्याने दिला आणि आपल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले, टांगा पुलाखाली पडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ज्या समाजाला हाकायची विद्याच मिळू दिली नाही, त्या समाजाच्या हातात लगाम देण्याची ही किंमत होती.

आज त्याच समाजातला पोरगा ट्रक चालवतो, एस.टी. चालवतो, आणि पोरगी स्कूटीवर कॉलेजला जाते. म्हणून आम्ही म्हणतो की आपली गाडी नीट चालवणे हा नुसता वाहतुकीचा नियम नाही. त्यात चाळीसगावच्या त्या टांग्याची आठवण आहे.

‘बाई, पदर!’

आमच्या वस्तीत पहिल्यांदा सायकली आल्या. मग लुना आली. १९८५ नंतर हिरो होंडा आली आणि एका लिटरमध्ये किती चालते याची चर्चा चावडीपर्यंत गेली. कुणाच्या घरी नवी गाडी आली की सगळा मोहल्ला हात लावून बघायचा. आधी विहारात नेऊन बुद्धवंदना, बाबासाहेबांच्या फोटोला हार, मग गाडीला, मग पेढे.

गाडीबरोबर रस्त्यावरची एक नवी बोलीही आली. ती कुणी शिकवली नाही, पण सगळ्यांना येते. मागून येणारा ओरडतो, ‘ओ भाऊ, स्टँड!’ साइड स्टँड खाली राहिला तर वळणावर टेकतो आणि गाडी आडवी होते, हे त्याला ठाऊक असते. दुसरा ओरडतो, ‘बाई, पदर!’ चाकात गुंतू पाहणारा पदर किंवा ओढणी त्याने पाहिलेली असते. मागच्या चाकाला जाळी लावण्याचा नियम १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, तरी जाळी काढून टाकणारे शहाणे कमी नाहीत.

आणखी एक खूण होती. दिवसा कुणाचा दिवा चालू राहिला तर समोरचा हाताची बोटे मिटून-उघडून दाखवायचा. ती खूण आता मागे पडली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तरी जुन्या सवयीने एखादा म्हातारा अजूनही बोटे उघडझाप करतो, आणि तरुण पोरे हसतात. हसू नये. त्याला तुमची बॅटरी वाचवायची आहे.

यांतला एकही माणूस आपली जात विचारून ओरडत नाही. ‘स्टँड’ म्हणणाऱ्याला तुम्ही आभार मानेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो.

केळझरच्या जंगलातली संध्याकाळ

आता तो धडा सांगतो.

गेल्या वर्षीच्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरहून आम्ही मूलकडे परतत होतो. मागे आमची माय बसली होती, पांढरे लुगडे नेसून, मांडीवर पुस्तकांची पिशवी घेऊन. दिवस कलला होता. चंद्रपूर ते मूल हा साधारण पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, त्यातला मोठा भाग जंगलाचा. झेंड्यांच्या गाड्या येत-जात होत्या, जयभीम घेत-देत आम्ही मजेत चाललो होतो.

चिचपल्लीच्या आसपास एक माणूस गाडी ढकलत मूलच्या दिशेने चाललेला दिसला. पेट्रोल संपले असावे किंवा पंक्चर झाली असावी. त्याने आमच्याकडे पाहिले. त्याच्या गाडीला झेंडा नव्हता. उशीर होत होता, माय सोबत होती, आणि मागून कुणी तरी येतच असेल, असे मनाशी म्हणत आम्ही पुढे गेलो. वाचकहो, ही गोष्ट लपवून ठेवली असती तर आज हा लेख लिहिण्याचा आम्हाला अधिकार राहिला नसता.

पुढे केळझरचे जंगल लागले. समोरून एक तरुण मोटारसायकलवर आला. त्याने दोनदा डिपर मारला आणि डावा हात खाली-वर केला. आम्हाला वाटले, जयभीम घालतो आहे. आम्ही मान हलवली, मायने हात उंच केला, ‘जयभीम’ म्हटले आणि आम्ही निघालो. दोन मिनिटांत मागून हॉर्नचा सपाटा सुरू झाला. तोच तरुण गाडी वळवून आमच्या मागे लागला होता. बरोबरीला येऊन ओरडला, “थांबा जी! कोठी चालले? समोर वाघ हाये. नाल्यापाशी, रस्त्यावरच बसून हाये!”

आम्ही ब्रेक मारला.

मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांतल्या माणसाला वाघाचे नवल नाही. ताडोब्याच्या बाहेर, आपल्या गावांच्या शेजारच्या जंगलातही वाघ राहतात. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरे चारायला गेलेली कितीतरी माणसे परत आली नाहीत. ती घरे आपल्याच वस्त्यांमधली आणि आपल्याच शेजारच्या गोंडटोल्यांमधली आहेत. त्यामुळे ‘वाघ’ या शब्दानंतर मायने आमचा खांदा असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

आम्ही तिथेच थांबलो. मागून येणाऱ्या गाड्या त्या तरुणाने एकेक करून थांबवल्या. कुणी झेंड्याचे, कुणी बिनझेंड्याचे, एक मेंढ्यांचा व्यापारी, एक नवरा-बायको तान्हे लेकरू घेऊन. अर्ध्या तासाने एक ट्रक आला. ड्रायव्हरला सांगितले, त्याने दिवे पूर्ण लावले आणि हॉर्न देत पुढे जायचे कबूल केले. आम्ही सगळे त्याच्या मागे एका रांगेत निघण्याच्या तयारीला लागलो.

तेवढ्यात माय त्या तरुणाला म्हणाली, “बाबू, चिचपल्लीकडं एक माणूस गाडी ढकलत येऊन रायला. एकटाच हाये.” तिच्याही मनातून तो गेला नव्हता. तरुण म्हणाला, “मी तिकडंच चाललो, आजी. पाहतो त्याले.” त्याने किक मारली, उजवा हात हँडलवर तसाच ठेवून डावा हात छातीशी नेला आणि म्हणाला, “सेवा जोहार, आजी.”

तो गोंड होता. त्यांच्यात ‘जय सेवा’, ‘सेवा जोहार’ म्हणतात. पण ‘जोहार’ हा शब्द कानावर पडताच माय आमच्या मागे ताठ झाली. क्षणभर तिने उत्तरच दिले नाही. मग म्हणाली, “जयभीम बाबू. सांभाळून जाय.” तो हसला. “जयभीम, आजी,” म्हणाला आणि अंधारात गेला.

त्या रात्री घरी जेवताना माय आपण होऊन बोलली. तिचे वडील पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायचे आणि जोहार घालायचे. ती लहान होती, बापाचे बोट धरून उभी असायची. बाप वाकला की तिलाही वाकावे लागायचे. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी तो शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही, घरातही कुणाला उच्चारू दिला नाही. हे सांगून ती थोडी थांबली आणि म्हणाली, “पण त्या पोराचा जोहार वाकून नव्हता. आपल्या जयभीमसारखाच ताठ होता.”

चिचपल्लीच्या त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आम्हाला कळले नाही.

सिगालाचा नमस्कार

तथागतांच्या काळात राजगृहाजवळ सिगाल नावाचा एक गृहस्थाचा मुलगा रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत असे. बापाने मरताना तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याला विचारले आणि समजावले की दिशांना नमस्कार असा करायचा नसतो. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या सगळ्यांशी आपले कर्तव्य करणे हाच दिशांना खरा नमस्कार. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात ही कथा आहे.

त्यात उत्तर दिशेच्या, म्हणजे मित्राच्या खुणा सांगितल्या आहेत. आपण बेसावध असताना जो आपले रक्षण करतो, भीतीच्या वेळी ज्याचा आसरा मिळतो, संकटात जो सोडून जात नाही, तो मित्र. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचताना आम्हाला केळझरचा तो तरुण दिसतो. आम्ही बेसावध होतो. तो मागे वळला. पदर सांगणारा, स्टँड सांगणारा, बोटे उघडझाप करणारा म्हातारा, हे सगळे त्या उत्तर दिशेचे लोक आहेत.

आणि आम्ही? आम्ही दिवसभर शंभर जयभीम घातले. ज्याला खरी गरज होती, त्याच्या गाडीला झेंडा नव्हता म्हणून त्याच्याजवळून निघून गेलो. त्या तरुणाची खूणही आम्हाला कळली नाही, कारण आम्ही फक्त आपला नमस्कार शोधत होतो. सिगाल ओल्या कपड्यांनी दिशांना हात जोडत होता, तसाच आमचा तो जयभीम होता.

घरच्यांसाठी चार गोष्टी

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांनी १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. यांत कष्टकरी घरांतले कमावते हात किती असतील, हे वेगळे सांगायला नको. म्हणून पुढच्या गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवाव्यात.

पहिली. हेल्मेट घातले की जयभीम ऐकू जात नाही, अशी तक्रार पोरे करतात. ऐकू गेला नाही तरी चालेल, मान हललेली दिसते. मागे बसणाऱ्या मायबहिणींनाही हेल्मेट हवे.

दुसरी. गाडी बंद पडलेला, पडलेला, रस्त्याकडेला एकटा उभा असलेला माणूस दिसला तर वेग कमी करून विचारावे. विचारायला पैसा लागत नाही. थांबणे धोक्याचे वाटले तर पुढच्या गावात, नाक्यावर सांगावे.

तिसरी. जखमीला हात लावला तर पोलीस-कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात, ही भीती आता मनातून काढावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हा नंबर लहान पोरांनाही पाठ असावा.

चौथी. जंगलाच्या रस्त्याने दिवेलागणीनंतर एकट्याने जाऊ नये. समोरच्याने डिपर मारून हात खाली-वर केला तर तो नमस्कार समजू नये. आधी वेग कमी करावा, मग जयभीम घालावा. आणि आपण वाघ पाहून आलो असलो तर मागून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावे. झेंडा पाहत बसू नये.

यंदाच्या १६ ऑक्टोबरलाही आम्ही चंद्रपूरला जाणार आहोत. माय सोबत आहेच. तिने आतापासूनच सांगून ठेवले आहे की डिकीत पाण्याच्या बाटलीशेजारी पंक्चरचे सामान असू द्या, आणि चिचपल्लीकडून येताना गाडी हळू घ्या.

सर्व वाचकांना, आणि रस्त्यावर भेटणाऱ्या सर्वांना, जयभीम! नमो बुद्धाय!